आधी लगीन खरेदीचं, मग कोंढाण्याचं

ट्रेकिंग सुरू करायचं म्हणताय? छान. फक्त या रविवारी लगेच कुठे निघू नका. गड आहेत तिथेच राहणार आहेत. ट्रेकिंगच्या सामानाचा ऑनलाइन सेल मात्र रविवारी रात्री बाराला संपतोय.

आमच्या वेळची मंडळी फार उतावळी. शेवटची कसारा लोकल पकडायची, पहाटे मिळेल त्या जीपला लटकायचं, पाठीला कॉलेजचीच सॅक, तिच्यात भाकरी नि शेंगदाण्याची चटणी, आणि थेट वर. ना तयारी, ना अनबॉक्सिंग. हरिश्चंद्रगड झाला, रतनगड झाला, एक दिवस अलंग-मदन-कुलंगही झालं, आणि एवढं करून घरात चार लोकांना दाखवायला वस्तू म्हणाल तर एक नाही. तुम्ही ही चूक करू नका.

कुणीतरी तुम्हाला हिरकणीचं उदाहरण देईल. देतातच. दोर नाही, हेल्मेट नाही, अंधारात रायगडाचा कडा उतरली वगैरे. शांतपणे विचारा, ट्रॅक, म्हणजे यंत्रात नोंदवलेली वाट, आहे का? किती मीटर उतरली, सरासरी ठोके किती पडले, कॅलरी किती जळल्या, कशाचीच नोंद नाही. मग धरायचं कसं?

तेव्हा सुरुवात घड्याळापासून करा. अ‍ॅपलचं ‘अल्ट्रा’ २०२२ मध्ये आलं तेव्हा भारतात त्याची किंमत ८९,९०० रुपये होती. ते समुद्रसपाटीखाली ५०० मीटरपासून वर ९००० मीटरपर्यंत उंची दाखवतं. आपलं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरला संपतं. उरलेले ७३५४ मीटर वाया गेले म्हणून हळहळू नका. पैठणी काय आपण रोज नेसायला घेतो?

या नव्या घड्याळांना तुम्ही पडलात की आपोआप कळतं, आणि तुम्ही हललाच नाहीत तर ती परस्पर मदतीला फोन लावतात. फोनलाही हल्ली ही विद्या येते. २०२२-२३च्या हिवाळ्यात अमेरिकेत कोलोरॅडोच्या बर्फाळ उतारांवरून असे इतके खोटे कॉल गेले, की तिथले आपत्कालीन कक्ष जेरीस आले. माणसं मजेत स्कीइंग करत होती आणि खिशातला फोन त्यांना अपघातात सापडलेलं समजत होता. माझं घड्याळ भलत्याच, स्वस्तातल्या कंपनीचं. गणपतीच्या आधी ढोल-पथकाच्या सरावाला हौसेने गेलो, तर चौथ्या-पाचव्या टोल्याला त्याने बायकोला कळवलं की मी कोसळलोय. ती फोनवर म्हणाली, “मला वाटलंच होतं. हे काय ढोल बांधायचं वय आहे का?” म्हणजे यंत्र चुकलं, पण बातमी अगदीच अविश्वसनीय नव्हती.

घड्याळ आलं की नेटवरून गडाचा ट्रॅक उतरवून घ्या. पूर्वी जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम चूक ठेवलेली असे, शंभरेक मीटर इकडे-तिकडे. २ मे २०००ला ती काढून टाकली. आता आपण कुठे चुकलो आहोत ते चार-पाच मीटरच्या अंतरात सांगता येतं. एक मात्र लक्षात ठेवा, ज्या कुणी तो ट्रॅक नोंदवला, तो स्वतः दोनदा ढोरवाटेला लागून परत फिरलेला असतो आणि एकदा करवंदीच्या जाळीमागे जाऊन आलेला असतो. तुम्हीही सगळं तसंच्या तसं चालायचं. समोरून गुरं घेऊन येणारे मामा “आरं, वाट हिकडनं हाय” म्हणाले तरी लक्ष देऊ नका. मामांना रिव्ह्यू एकही नाही.

याहून मोठं साहस हवं असेल तर सॅटेलाइट मेसेंजर मागवा. रेंज नसलेल्या दरीतून थेट उपग्रहाला निरोप. परदेशात गिर्यारोहक तो सर्रास सॅकला अडकवून फिरतात. आपल्याकडे त्याला सरकारचा परवाना लागतो, आणि ही अट १९३३ सालच्या वायरलेस टेलिग्राफीच्या कायद्यापासून चालत आलीय. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर काही परदेशी प्रवाशांना याच यंत्रापायी अडवलं गेलं, पोलीस-कोर्टापर्यंत प्रकरण गेलं. डोंगर चढण्याचा त्रासही नाही, थरार थेट सामानाच्या तपासणीपाशी.

आता पाऊस. सह्याद्रीत जायचं तर पावसातच, आणि पावसात जायचं तर ‘श्वास घेणारं’ जॅकेट हवंच. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांडीला वैतागून हिसका दिला आणि ती भलतीच ताणली गेली. त्यातून पुढे ही जादू निघाली. असं कापड, ज्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. फक्त ती वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्याहून कोरडी लागते. जुलैत ताम्हिणीत उभे राहा. बाहेर ढगच अंगावर आलेला, झाडाच्या सालीतूनसुद्धा पाणी ठिबकतंय. जॅकेटने श्वास घ्यायला तोंड उघडलं तर बाहेर आणखी वाफ. दुपारपर्यंत तुम्ही आतून चिंब. शेजारी दीडशे रुपयांचं प्लॅस्टिक पांघरलेला गडीही चिंब. पण तो दीडशे रुपयांत भिजला, तुम्ही अठरा हजारांत, आणि अठरा हजारांचं भिजणं थोडं खानदानी असतं. वाटेत भातखाचरात वाकून लावणी करणाऱ्या बायका दिसतील, पाठीवर इरलं. इरल्याला आपल्या जॅकेटसारखी काखेत हवेसाठी चेन नसते, कारण ते सगळ्याच बाजूंनी उघडं. डिझाइन म्हणून कच्चंच म्हणायचं.

पावसाच्या तोंडावर काजवे बघायला राजमाचीला किंवा भंडारदऱ्याला जाणार असाल तर एक हजार ल्युमेनचा, म्हणजे डोळे दिपवणाऱ्या उजेडाचा, हेडलॅम्प न्या. काजवे फार मंद असतात हो. खोक्यावर लिहिलेला उजेड दिवा लावल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत मोजलेला असतो, आणि ‘चालतो अमुक तास’ म्हणजे त्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचे तास. पण दोन मिनिटं पुरेशी आहेत. मी प्रत्यक्ष पाहिलंय. हिरड्याच्या एका झाडावर हजारो काजवे एका लयीत लुकलुकत होते, सगळे श्वास रोखून उभे. मागून एक गृहस्थ आले, “अरे, कुठेत?” म्हणत दिवा लावला. झाड एकदम हिरवंगार, लख्ख दिसायला लागलं, पानन् पान मोजून घ्या. काजवे तेवढे दिसेनात. गृहस्थ म्हणाले, “सीझन संपलेला दिसतोय.” त्याच गृहस्थांनी रात्री उणे दहा अंशांची स्लीपिंग बॅग पसरली. मे महिना. तिच्यावर एक ‘एक्स्ट्रीम’ नावाचा आकडाही छापलेला असतो, त्याचा अर्थ त्या थंडीत माणूस झोपतो असा नसून काही तास कसाबसा जगतो असा आहे. पण ऐकतंय कोण. पहाटे चेन उघडली तेव्हा आतून उकडीच्या मोदकासारखी वाफ आली.

चढायचा फारच कंटाळा असेल तर यांत्रिक पायही निघालेत. चीनमध्ये ताई पर्वतावर २०२५च्या सुरुवातीपासून ते भाड्याने मिळतात. दोन किलोंपेक्षा हलके, कमरेला नि मांड्यांना बांधायचे, सात हजारांच्या आसपास पायऱ्या यंत्र उचलून देतं. आपल्या रायगडावर डोलीवाले हेच काम कधीपासून करताहेत, पण त्यांना अपडेट येत नाहीत.

बुटांवर मात्र जरा थांबूया. इथे माझा अधिकार आहे.

बुटाच्या तळाला तो पिवळा अष्टकोन हवा, व्हिब्रम कंपनीचा. विटाले ब्रामानी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती १९३५ मध्ये आल्प्समध्ये दगावले. त्या धक्क्यातून त्याने १९३७ मध्ये खाचांचा रबरी तळ आणला, आणि १९५४ मध्ये इटालियन माणसं तोच तळ घालून के-टूच्या, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखराच्या, माथ्यावर उभी राहिली. इतकं वाचल्यावर शेवाळलेल्या कातळावर घसरायची हिंमत कुणाला होईल? मला झाली, पण ते सोडा. आमच्यातले जुने ट्रेकर अजून स्वस्तातले ‘अ‍ॅक्शन’ घालतात आणि त्यांचा पाय ओल्या कातळाला घोरपडीसारखा चिकटतो. त्यांच्याशी याबाबत वाद घालू नका, ते वर पोहोचलेले असतात.

महागाचे बूट घेतले की वापरून त्यांची नासाडी करू नका. मी माझे दोनदा घातले, पुसले, सिलिका जेलच्या पुडीसकट खोक्यात ठेवले आणि खोकं माळ्यावर. पाच वर्षं. आता झालंय असं की अशा बुटाच्या तळाशी पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो आणि हवेतला ओलावाच त्याला आतल्या आत खात राहतो. रोज वापरला तर उलट जास्त टिकतो. नुसता ठेवला तर एक दिवस भुगा. याला हायड्रोलिसिस म्हणतात, हे मला नंतर कळलं.

तर पाचनईकडून हरिश्चंद्रगड चढत होतो. ओढा ओलांडला आणि उजव्या बुटाने आ वासला. दहा पावलांत तळ लोंबायला लागला, मधला थर चहात भिजलेल्या खारी बिस्किटासारखा गळत होता. मागे वळून बघितलं तर कातळावर माझ्या वाटेचा काळा चुरा पडत आला होता, परत जायला घड्याळाची गरज नव्हती. पुढे एका कपारीखाली एक आजी लिंबू-सरबत विकत बसल्या होत्या.

“फाटला व्हय?”

“हायड्रोलिसिस झालंय, आजी.”

“कुठं?”

“तळाला.”

“मंग बांध की.”

त्यांनी लिंबांच्या पोत्याची सुतळी उसवली, माझा पाय मांडीजवळ ओढला आणि लाकडाची मोळी आवळावी तसा बूट आवळला. टाचेवरून दोन वेढे, चवड्यावरून तीन, वर गाठ. मग म्हणाल्या, “दुसरा आण.” मी म्हटलं, डावा शाबूत आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“दोन्ही येकाच दिशी घेतलं ना?”

डावाही बांधला. अर्ध्या तासाने तो सुटला, पण सुतळीत असल्यामुळे मला उतरल्यावरच कळलं. कोकणकड्यावर लोक उभे राहून खाली बघत होते, काही माझ्या पायांकडे. एका मुलाने विचारलं, हे कुठल्या ब्रँडचं? परतताना आजींना सुतळीचे पैसे देऊ केले, त्यांनी सरबताचे तेवढे घेतले.

घरी आल्यावर शांत बसून विचार केला आणि धडा घेतला. सुतळीचा काही भरवसा नाही. त्याच रात्री पॅराकॉर्ड नावाची दोरी मागवली. आत सात दोऱ्या, वर विणलेलं कवच, ५५० पौंड म्हणजे अडीचशे किलो वजन पेलते, एक आख्खा मी आणि वर दोन आजी सहज. सध्या माळ्यावर आहे, नव्या बुटांच्या खोक्याशेजारी. पाकीट अजून फोडलेलं नाही. तुम्ही घेणार असाल तर नारिंगी घ्या, फोटोत उठून दिसते.