साखरेच्या गुठळ्या आणि पाचव्या दिवसाची गोड बातमी

परवा रात्री पावणेबाराला मावसबहिणीचा फोटो आला. स्टीलची वाटी, तळाशी ओली साखर आणि खाली एक ओळ: "ताई, गुठळ्या झाल्यात ना? झूम करून बघ." साखरेवर काय ओतलंय हे कळायला मला दोन सेकंद लागले. पाठोपाठ तो मेसेजही आला, ज्याच्या जोरावर हे सगळं चाललं होतं. 'संबंधानंतर पाचव्या दिवशीच ओळखा गोड बातमी! डॉक्टर हे सांगणार नाहीत.' हाच मेसेज याआधी मला सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि, कहर म्हणजे, नणंदेच्या सासूबाईंकडून आला होता. तेव्हा सोडून दिला. पण मी चौदा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आणि ही पोरगी दीड वर्ष चान्स घेतेय. पाळीच्या आधीचे दहा दिवस तिचे कसे जातात ते मी बघितलंय. म्हणून आता मुद्द्यामुद्द्याने.

आधी ती वाटीच घेऊ. मेसेज म्हणतो, तीन चमचे साखरेवर तीन चमचे सकाळची पहिली लघवी ओता. साखर विरघळली तर नाही, गुठळ्या झाल्या तर दिवस गेले. वर 'किटपेक्षा अचूक' असा शिक्का. अहो, तीन चमचे साखरेवर तीन चमचे साधं पाणी ओता आणि न ढवळता ठेवा, तळाशी गोळा बसणारच. गरोदरपणात जे हार्मोन लघवीत उतरतं, एचसीजी, त्याचा साखरेशी काडीचा संबंध नाही. किटच्या पट्टीवर त्या हार्मोनला नेमकं पकडणारी प्रतिपिंडं लावलेली असतात, म्हणून तिथे रेघ उमटते. साखरेत असं काय आहे? तरी खात्री करावी म्हणून काल सकाळी आमच्या ह्यांच्या नमुन्यावर प्रयोग केला. अर्धी साखर विरघळली, अर्धीची छान गुठळी झाली. त्यांना सांगितलं, अभिनंदन. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

लघवीत टूथपेस्ट घाला, फेस आला तर दिवस गेले, हाही मेसेजमधला त्यातलाच प्रकार. पुष्कळ टूथपेस्टमध्ये खडू असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि लघवी बहुधा आम्लधर्मी असते. दोन्ही एकत्र आलं की बुडबुडे येणार, मग नमुना कोणाचाही असो. मेसेजच्या एका आवृत्तीत ब्लीच वापरायला सांगितलंय. ते मात्र कृपा करून करू नका. ब्लीच आणि लघवीतला अमोनिया यांचा विषारी वायू होतो, आणि हा उद्योग करायला सांगितलाय बंद बाथरूममध्ये.

आता 'पाचवा दिवस'. १९९९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. नॉर्थ कॅरोलिनातल्या २२१ बायकांनी मूल हवं म्हणून गर्भनिरोधक साधनं थांबवली होती, आणि त्या सहा महिन्यांपर्यंत रोजच्या रोज लघवीचा नमुना जमा करत होत्या. त्या बायकांच्या चिकाटीला माझा सलाम, आमच्याकडे लोक एक नमुना नीट आणत नाहीत. त्यांतून दिसलं असं: टिकलेल्या गर्भधारणांमध्ये गर्भ रुजला तो अंडं फुटल्यानंतर ६ ते १२ दिवसांनी, आणि ८४ टक्के बायकांमध्ये आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी. रुजल्याशिवाय एचसीजी रक्तात येत नाही. त्यात शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणजे संबंधाचा दिवस हा फलनाचा दिवस असेलच असंही नाही. पाचव्या दिवशी जे काही असेल ते फार तर गर्भाशयात नुकतंच पोचून तरंगत असतं. त्याने अजून आईला कळवलेलंच नाही, तर साखरेला काय कळवणार?

"पण ताई, मला खरंच होतंय गं," बहीण म्हणाली. छाती जड, पोट फुगलेलं, दुपारी झोप आवरत नाही. होतंय, मान्य. मेसेजमधली ही तीन लक्षणं काल्पनिक नाहीत, एवढं मी नाइलाजाने कबूल करते. फक्त ती प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनची आहेत. अंडं फुटलं की ते दर महिन्याला वाढतं, गर्भ असो वा नसो. आणि बहिणीला डॉक्टरांनी त्याच प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्यात! म्हणजे जी लक्षणं ती मोजत बसलीये, ती गोळीच्या पाकिटावर दुष्परिणाम म्हणून छापलेली असतात. मळमळ-उलट्यांचं म्हणाल तर त्या बहुतेकींना शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होतात. पाचव्या दिवशीची मळमळ बहुधा रात्रीच्या पावभाजीची.

सगळ्यात राग आला तो सहाव्या मुद्द्याचा. 'थोडे डाग लागले आणि पोटात एका बाजूला दुखले तर घाबरू नका, गर्भ रुजल्याची खूण आहे. कोणाला सांगू नका, झोपून राहा.' यात अर्धं सत्य आहे. सुरुवातीला डाग लागूनही गर्भ नीट राहतो. त्याच नॉर्थ कॅरोलिनाच्या बायकांपैकी १५१ जणींच्या नोंदी पुढे तपासल्या, तेव्हा १४ जणींना पहिल्या आठ आठवड्यांत कधी ना कधी रक्त दिसलं होतं, आणि त्यांतल्या १२ जणींना मूल झालं. पण ते रक्त साधारण पाळीच्या तारखेच्या आसपास दिसलं, रुजण्याच्या दिवशी क्वचितच. तेव्हा 'रुजल्याची खूण' हे नाव सुंदर असलं तरी डाग बघून काहीच ठरवता येत नाही.

आणि एका बाजूचं दुखणं? गर्भ कधीकधी गर्भाशयात न रुजता गर्भनळीत रुजतो. तेव्हाही पाळी चुकते, किटवर दोन रेघा येतात, घरात पेढे वाटून होतात. आमच्याकडे अशा बाईच्या रक्ताचा नमुना बीटा एचसीजीसाठी, म्हणजे त्याच हार्मोनचं रक्तातलं प्रमाण मोजायला येतो, ४८ तासांनी पुन्हा येतो, आणि आकडा वाढायला हवा तसा वाढलेला नसतो. मग आम्ही रिपोर्ट छापायची वाट बघत नाही, थेट डॉक्टरांना फोन लावतो. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि जीव जाऊ शकतो. पाळी चुकलीये, डाग लागताहेत, एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाशी दुखतंय, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. ज्याने 'कोणाला सांगू नका' लिहिलं, त्याच्या हातून मोबाइल काढून घ्यायला हवा.

बाकीचे मुद्दे भराभर. स्वप्नात साप दिसणं: सोडून द्या. आंबट खावंसं वाटलं की मुलगा: यावर बोलणारही नाही. 'लक्षणं दिसताच चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बंद करा': इथे मी बहिणीला विचारलं, तर थायरॉइडची गोळी चार दिवस बंद! दिवस राहिले तर ती गोळी जास्तच लागते, बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी ती घेतल्याचा फोटो मागवला. (हा फोटो चालतो.) फॉलिक ॲसिडचं नाव अख्ख्या मेसेजमध्ये नाही, जे चान्स घेतानाच सुरू करायचं असतं.

किट स्वस्त आहे, आणि आशाताईंकडे 'निश्चय' किट असतं. पाळीची तारीख उलटल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर करायचं आणि पाकिटावर दिलेल्या वेळातच बघायचं. तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून टॉर्च मारायचा नाही. विल्कॉक्स यांच्याच आकडेवारीनुसार तारीख उलटते त्या दिवशीही दहापैकी एकीचा गर्भ अजून रुजलेला नसतो, म्हणून 'नाही' आलं आणि पाळीही आली नाही तर आठवड्याने पुन्हा.

बहिणीची तारीख १९ आहे. हे सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "मग आज कसं कळेल?" म्हटलं, आज नाही कळणार. आज कळायची सोयच नाहीये. त्यावर ती थोडा वेळ गप्प बसली, मग वाटी फेकू की घासून घेऊ असं विचारलं, आणि पुढचा पाऊण तास आम्ही तिच्या स्वयंपाकघराच्या टाइल्सबद्दल बोलत होतो.