गार केवढी होती?

गेल्या एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी चारच्या सुमारास सहकारनगरातल्या आमच्या घरावर वळीव कोसळला आणि त्याच्याबरोबर सात-आठ मिनिटे गाराही कोसळल्या. सगळे शांत झाल्यावर मी गच्चीवर गेलो, तेव्हा तिथल्या खोलीच्या सिमेंटच्या पत्र्याला अकरा भोके पडलेली होती आणि खाली वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या चिकवड्यांवर पत्र्याचे तुकडे, गारा आणि एक भेदरलेले कबूतर असा संमिश्र ऐवज पसरला होता. तो पत्रा 1987 सालचा, म्हणजे आमच्या लग्नाच्या वर्षाचा. हे मी त्या भोकांकडे बघत मोठ्याने म्हणालो नसतो, तर नवे छप्पर निवडण्याची जबाबदारी कदाचित माझ्यावर आली नसती.

गारांना टिकेल असे छप्पर घ्यायचे तर आधी गार केवढी हे ठरवावे लागते, आणि तिथेच घोडे अडते. शेजारचे काका म्हणाले, लिंबाएवढी. कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, आवळ्याएवढी. मी प्रामाणिकपणे बोराएवढी म्हणालो, तर हिने विचारले, "बोर म्हणजे कोणते? चण्यामण्या की उमराण?" मार्केट यार्डात बोरांच्या पाट्यांपुढे ज्याने तास घालवले आहेत त्याला या प्रश्नाचे गांभीर्य कळेल. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते, शिवाय ती अधिक वेगाने खाली येते, त्यामुळे तिचा मार सुमारे सोळापट बसतो. म्हणजे चण्यामण्या आणि लिंबू यांच्यातला फरक फळवाल्याकडे दोन-चार रुपयांचा असला, तरी छपराच्या दुकानात तो काही हजारांचा होतो.

लातूरच्या साडूंना फोन केला, तर त्यांनी पुण्यातल्या गारांना गारा मानायलाच नकार दिला. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात जी गारपीट झाली, रब्बीची उभी पिके आणि फळबागा जिने झोपवल्या, ती पाहिलेल्या माणसापुढे अकरा भोकांची कैफियत मांडणे मलाही अवघड वाटले. तरी पुणेकराला हवामानावर मत नसणे शोभत नाही. 1928 मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून इथे आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आम्ही अजूनही सिमला ऑफिस म्हणतो, आणि तिच्यावरून बसने रोज जाणारा प्रत्येक माणूस स्वतःला त्या खात्याचा मानद अधिकारी समजतो.

भवानी पेठेत मी तीन दिवस हिंडलो. पहिल्या दिवशी कळले की पत्र्याचा गेज वाढला की पत्रा पातळ होतो. सव्वीस गेजपेक्षा चोवीस गेज जाड. चाळीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हा हिशेब पचायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी कळले की दुकानदाराचा 'पॉइंट पाच', म्हणजे अर्धा मिलिमीटर, हा बहुधा रंग आणि मुलामा धरून असतो, आणि आतले पोलाद त्याहून कमी भरते. तिसऱ्या दिवशी मी खिशात स्क्रू गेज घेऊन गेलो. मुलाच्या अकरावीतले ते उपकरण मी पत्र्याच्या कडेला लावले, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे, भाजीवाला मेथीची जुडी सोडून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे जसा बघतो, तसे पाहिले आणि चहा मागवण्याचा विचार रद्द केला.

पुन्हा सिमेंटचाच पत्रा घेण्याचा प्रश्न नव्हता, कारण तो लवत नाही, सरळ फुटतो. शिवाय जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असल्याने तो कोरडा कापायचा किंवा फोडायचा नसतो, त्याची धूळ फुप्फुसांना वाईट, एवढे मला माहीत होते. फायबरची शीट स्वस्त होती, पण काही उन्हाळ्यांनंतर तिचे तंतू वर येतात आणि ती ठिसूळ होते. हिचा कल मंगलोरी कौलांकडे होता. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यापासून ही कौले घरांवर चढत आहेत, ही माहिती मी तिला दिली, पण तिचा आधार इतिहास नव्हता, माहेर होते.

"आमच्या चिपळूणच्या कौलांवर नारळ पडतात. गारांचे काय सांगता?"

"मग कौले फुटत नाहीत?"

"फुटतात की. फुटले तेवढे काढायचे आणि दुसरे सरकवायचे."

खरे सांगायचे तर छपराबद्दल मला त्या महिन्यात मिळालेला हाच सर्वांत शहाणा सल्ला होता. केवळ कौलांचे वजन पेलेल अशी कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, आमच्या खोलीच्या जुन्या भिंतींवर बसवायची नव्हती, म्हणून तो बाजूला राहिला.

अखेरीस सामना रंगीत पोलादी पत्रा आणि भरीव पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची शीट यांच्यात उरला. पोलादी पत्र्याला गारेने पोचे पडतात, पण भोक सहसा पडत नाही, आणि छपराच्या व्यवहारात पोचा हे दुःख नसून दिसण्याचा प्रश्न आहे. तरीही मला पुरावा हवा होता. अमेरिकेत छपरांसाठी यूएल 2218 नावाची चाचणी आहे. तिच्या सर्वांत वरच्या, चौथ्या श्रेणीसाठी दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात आणि तडा गेला का ते पाहतात. पोलादी गोळा माझ्याकडे नव्हता, म्हणून मी नातीचे दोन प्लास्टिकचे चेंडू कापून त्यांत पाणी गोठवले, आणि रविवारी सकाळी गच्चीच्या कठड्याशी उभा राहून खाली अंगणात मांडलेल्या नमुन्यांवर बर्फाचे गोळे सोडू लागलो. एकाच जागी दोनदा टाकणे दूरच, पाच गोळ्यांपैकी नमुन्यांवर दोन पडले. दोन कर्दळीत गेले. पाचव्याने माझ्याच स्कूटरचा आरसा घेतला.

नमुन्यांना मात्र ओरखडाही नव्हता, आणि मी विजयी मुद्रेने फॅब्रिकेटरला तो निकाल दाखवला. त्याने पत्रा पायाने हलकेच सरकवला.

"काका, फरशीवर ठेवलेल्या पत्र्यावरून टेम्पो गेला तरी काय होतंय? दोन पाइपांमधल्या तीन फुटांच्या गाळ्यावर ठेवा, मग बघा. मार पत्रा एकटा खात नाही, खालचा पाइप पण खातो."

या एका वाक्याने माझा रविवार, आरसा आणि स्क्रू गेज या तिन्हींचे मोल उतरले. आधाराचे पाइप तीन फुटांऐवजी अडीच फुटांवर घ्यायचे, पत्रा आतले पोलाद मोजून पॉइंट पाचचा घ्यायचा, स्क्रूखाली चांगला रबरी वायसर घालायचा, आणि चिकवड्यांना ऊन मिळावे म्हणून मध्ये एक पॉलिकार्बोनेटची पारदर्शक शीट बसवायची, असे उभ्या उभ्या दहा मिनिटांत ठरले. त्या शीटची ऊन सोसणारी बाजू वरच राहिली पाहिजे, नाहीतर ती लवकर पिवळी पडून ठिसूळ होते, म्हणून तिच्यावरचा छापील कागद निघेपर्यंत मी शिडीखाली पहारा दिला. अस्तर घातले तर आवाज कमी होईल, असे तो म्हणाला होता. त्या खर्चाला मी नको म्हणालो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गारा आल्या. पत्र्याखाली उभे राहिल्यावर शंभर जण एकदम पितळी ताटे बडवत आहेत असे वाटत होते, आणि ही माझ्याशी दोन हातांवरून जे बोलत होती ते मला फक्त ओठांवरून, तेही अस्तर या शब्दापुरतेच, कळले. पाऊस ओसरताच मी गच्चीवर धावलो. एकही भोक नव्हते. तीन-चार पोचे असावेत असे बोट फिरवल्यावर वाटले. कठड्याजवळची सर्वांत मोठी गार मी तळहातावर घेतली आणि दुसऱ्या हाताने खिशातला स्क्रू गेज काढून त्याचा जबडा उघडू लागलो. अकरावीतले ते स्क्रू आता जड फिरतात. जबडा उघडेपर्यंत हातात पाणी होते.

तेवढ्यात लातूरहून फोन आला.

"पुण्यात गारा झाल्या म्हणे. केवढ्या होत्या?"

मी छपराकडे पाहिले, बिलाची आठवण केली आणि म्हणालो, "लिंबाएवढ्या."

"बोराएवढ्या!" जिन्यातून ही ओरडली.

थोड्या वाटाघाटींनंतर आम्ही उमराणवर आलो.