‘ट्रान्सप्लांट केलं की गोळ्या कशाला?’ या मेसेजचा समाचार

टक्कल पडू लागलेल्या कुणालाही हा मेसेज कधी ना कधी येतोच: ‘एकदा हेअर ट्रान्सप्लांट करून घ्या, टक्कल कायमचं मिटतं. लावलेले केस कधी गळत नाहीत. गोळ्यांनी पुरुषत्व जातं, त्या कंपन्यांच्या फायद्यासाठी आहेत. वर्षभरानंतरचे फोटोच बघा.’ औषध न घेता ट्रान्सप्लांट करू नये, असं माझं म्हणणं नाही. पण या मेसेजवर विसंबून करू नये.

‘लावलेले केस कधी गळत नाहीत.’ हे बरंचसं खरं आहे, म्हणून तर बाकीचंही खपून जातं. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली दाखवून दिलं, की डोक्याच्या मागच्या बाजूची केसांची मुळं पुढे आणून लावली तरी आपला मूळ गुण सोडत नाहीत. टक्कल पाडणारं डीएचटी हे संप्रेरक त्यांना फारसं बाधत नाही. (सुरुवातीच्या काही आठवड्यांत लावलेले केस झडतात आणि लोक घाबरतात, पण मुळं शाबूत असतात, तीन-चार महिन्यांनी केस पुन्हा उगवू लागतात.)

आता ज्या केसांबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही, त्यांचं बघू. लावलेल्या केसांच्या मधे आणि मागे तुमचे आधीचे केस असतात. त्यांना डीएचटी बाधतं. ऑपरेशन त्यांच्यासाठी काहीच करत नाही. ते वर्षानुवर्षं बारीक होत जातात, आणि पुढची दाट पट्टी तेवढी राहून तिच्यामागे मोकळं मैदान दिसू लागतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ट्रान्सप्लांटच्या चार आठवडे आधीपासून ४८ आठवडे नंतरपर्यंत काहींना फिनास्टेराइड, म्हणजे शरीरातलं डीएचटी कमी करणारी गोळी दिली, काहींना औषध नसलेली गोळी. केस दिसण्याइतके वाढले ते पहिल्या गटात ९४ टक्के जणांचे, दुसऱ्यात ६७ टक्के जणांचे. चाचणी लहान होती, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. औषध न घेणाऱ्या बहुतेकांनाही फायदा झालाच, हेही त्यातच दिसतं.

‘टक्कल कायमचं मिटतं.’ साधा हिशोब करा. पूर्ण वाढलेल्या टकलाचं क्षेत्र सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भरू शकतं. दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट (मुळांसकट काढून लावायचे केसांचे बारीक पुंजके) धरले, तरी ८००० लागतात. मागच्या बाजूने आयुष्यभरात सुरक्षितपणे निघतात ते साधारण ६००० च्या आसपास. कुणाचे कमी, कुणाचे जास्त. काढलेल्या जागी नवे उगवत नाहीत. म्हणजे पहिल्याच ऑपरेशनमध्ये हात सैल सोडला, तर पुढच्या वेळी आणायचे कुठून?

‘गोळ्यांनी पुरुषत्व जातं.’ फिनास्टेराइडच्या मूळ चाचण्यांमध्ये लैंगिक तक्रारी ३.८ टक्के पुरुषांनी सांगितल्या. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही त्या २.१ टक्के होत्या. तेव्हा ‘जातंच’ हे खोटं. पण भीती निव्वळ कपोलकल्पित आहे असंही नाही. गोळी बंद केल्यावरही तक्रारी राहिल्याच्या नोंदींमुळे अमेरिकेत २०१२ मध्ये तसा इशारा माहितीपत्रकात आला, आणि आत्महत्येचे विचार हा संभाव्य दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये मान्य केलं. हे वाचून एखादा ‘मला नको’ म्हणाला, तर त्याला भित्रा ठरवणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. मात्र मेसेज सगळ्याच औषधांना एका पोत्यात भरतो. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल हे संप्रेरकांच्या वाटेला जात नाही. त्याची कटकट वेगळी: लावणं सोडलं की मिळालेले केस काही महिन्यांत जातात.

‘वर्षभरानंतरचे फोटो बघा.’ बघा, पण फोटो वर्षभरानंतरचाच का असतो? कारण तेव्हा लावलेले केस पुरते वाढलेले असतात आणि जुने अजून पुष्कळ शिल्लक असतात. डोकं सर्वांत छान दिसायचा काळ तोच. औषध न घेणाऱ्याने आठ-दहा वर्षांनंतरचे फोटो मागावेत.

मग औषधाशिवाय कुणी करावं? ज्याची चाळिशी उलटली आहे, गळती बरीच वर्षं थांबल्यासारखी आहे, आणि उरलेले केस भिंगाखाली तपासल्यावर बारीक होताना दिसत नाहीत, त्याला वाव आहे. विशीतल्या मुलाला मी थांबायलाच सांगेन. त्याचं टक्कल कुठवर जाणार हे अजून ठरलेलंच नसतं. आणि सर्जनला पहिल्या भेटीतच बजावायचं: ‘मी औषध घेणार नाही, हे धरून आखणी करा.’ मग कपाळावरची रेषा वरच ठेवावी लागते, मागचे ग्राफ्ट पुढच्या ऑपरेशनसाठी राखावे लागतात, आणि भोवऱ्याला शक्यतो हात लावायचा नाही. तिथे मधोमध केस लावले आणि भोवतालचे गळत गेले, तर बेटासारखा पुंजका उरतो, आणि तो झाकायला पुन्हा त्याच मागच्या साठ्यातून केस काढावे लागतात.