"कृपया फाईल निवडा" म्हणे!

चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं त्या निळ्या पट्टीकडे बघत बसले होते, १.८ जीबीचा एक व्हिडिओ, वायफायला कुणी हात लावाल तर खबरदार असा घरात सगळ्यांना दम भरून, आणि १०० टक्के झाल्यावर सर्व्हर काय म्हणतो? "कृपया फाईल निवडा." अरे मग इतका वेळ तुझ्या घशात काय कोंबत होते मी??

एरर कोड नाही, काही नाही. वर 'कृपया'! त्यापेक्षा शिवी दिली असतीस तर परवडलं असतं.

कारण काय, तर आमचं ॲप ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीत 'अपलोड मॅक्स फाईलसाईझ' (एका फाईलची मर्यादा) मी शहाण्यासारखी २ जीबी केली आणि 'पोस्ट मॅक्स साईझ' (अख्ख्या रिक्वेस्टची मर्यादा) राहिली तिथेच, ८ एमबीवर. रिक्वेस्ट त्यापेक्षा मोठी झाली की हा बाबा नाही म्हणत नाही, फॉर्ममधला मजकूर आणि फाईल जिथे येऊन पडतात ते पोस्ट आणि फाईल्स दोन्ही ॲरे रिकामे करतो आणि गुपचूप पुढे सरकतो. लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतो म्हणे. टाकतो, पण फॉर्मच भरला नाही असं सांगितल्यावर लॉग कोण उघडेल?

तो मेसेज लिहिणाऱ्या महाभागाला धरायला गिट ब्लेम लावला, म्हणजे कोडची कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगणारी कमांड. माझंच नाव. 'कृपया' नंतरच्या वेगळ्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) घातलंय, तेही मीच. असो.

बरं, हे सगळ्यात आतलं दार. त्याआधी बाहेर एनजिनएक्स, ॲपच्या पुढ्यातला वेब सर्व्हर, १ एमबीचं लिमिट घेऊन उभा, आजच्या काळात १ एमबीत मावतं काय हो? तो ४१३, म्हणजे 'फार मोठं आहे' हा एरर कोड, देतो खरं, पण त्या एरर पेजला आपले हेडर (उत्तरासोबतच्या सूचना) लागत नाहीत, म्हणून ब्राउझर 'कॉर्स कॉर्स' बोंबलतो (एका साइटने दुसरीचं उत्तर वाचावं की नाही, तो नियम), आणि मी अर्धा दिवस कॉर्स दुरुस्त करत बसले. धडधाकट कॉर्स. मग ६० सेकंदांचा टाइमआउट आणि ५०४, म्हणजे 'आतून वेळेत उत्तर आलं नाही'. आणि ती पट्टी! १०० टक्के म्हणजे फाईल प्रॉक्सीच्या, म्हणजे त्याच एनजिनएक्सच्या, टेम्प फोल्डरात पडली इतकंच, ॲपला अजून पत्ताही नसतो.

आणि ते 'माझ्याकडे तर चालतंय'वाले. बाळा, तू २०० केबीचा फोटो टाकून बघितलास. कंटेंट टाइपचा हेडर हाताने लिहून बाउंड्री (फॉर्मचे भाग वेगळे करणारी खूण) उडवणाऱ्यांचा हिशेब वेगळा बसून करायचाय. 'चंक करून पाठव ना' म्हणे, हो रे, आणि मधला एक तुकडा गळाला की रात्री दोनला उठून तू शोधणार का?

शेवटी गेली एकदाची. मग म्हटलं निदान तो मेसेज तरी बदलू, बदलला, तर बिल्ड लाल, म्हणजे कोडची आपोआप होणारी तपासणी नापास. शब्दन् शब्द तस्साच पाहिजे अशी टेस्ट आहे त्यावर.

कुणी लिहिलीय ते बघितलं नाही मी. बघणारही नाही.