भावी महापौरांस चार हिताच्या गोष्टी

मुंबईचे महापौर व्हावे अशी इच्छा आपल्या मनात रुजली असेल, तर सर्वप्रथम शहराचा अभ्यास करण्याचा मोह आवरावा. पद कोणत्या प्रवर्गाकडे जाणार हे नगरविकास विभागाची सोडत ठरवते आणि नाव पक्षनेत्याच्या दिवाणखान्यात ठरते. २२७ नगरसेवकांनी हात वर करण्याचे काम तेवढे उरते. मलनिस्सारणाच्या ज्ञानापेक्षा त्या दिवाणखान्यातील हजेरी अधिक फलदायी असते, हे वेगळे सांगायला नको.

निवड झाल्यावर १८८८ चा महापालिका अधिनियम मुळीच वाचू नये. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आयुक्तांची नेमणूक राज्य सरकारकडे आणि खर्चाच्या प्रस्तावांची मंजुरी स्थायी समितीकडे, ही वाटणी ऐन उमेदीत मनाला लागण्याचा संभव असतो. १९९८ मध्ये ‘महापौर परिषद’ आणून महापौरांच्या हाती खरी सत्ता देऊन पाहिली होती. पुढल्याच वर्षी तो प्रयोग गुंडाळण्यात आला. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेचा हिशेब आपल्याला द्यावा लागत नाही, यात समाधान मानावे.

आपले कर्तृत्व खुलते ते मे महिन्यात. नालेसफाईच्या पाहणीस निघताना छायाचित्रकार आधी पोहोचल्याची खात्री करावी, गाळाकडे बोट दाखवून ठेकेदाराला खडसवावे, मात्र तो ठेकेदार कोणाचा आहे याची चौकशी आदल्या रात्रीच करून ठेवावी. पुढे सखल भागांत पाणी तुंबले की भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आल्याचे सांगावे; समुद्राला मताधिकार नसल्याने तो खुलासा मागत नाही. तलाव भरला की जलपूजनास तातडीने जावे. पावसाचे श्रेय आयुक्तांना घेता येत नाही, त्यामुळे या एका क्षेत्रात आपल्याला प्रतिस्पर्धी नाही.

निवासस्थानाची आसक्ती धरू नये. शिवाजी पार्कचा समुद्राकाठचा महापौर बंगला बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मारकासाठी गेला आणि महापौरांचा मुक्काम भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलला. तेथील पेंग्विन पाहायला लोक तिकीट काढून येतात, याचा मत्सर करू नये.

मुदत अडीच वर्षांची असते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळात कचरा उचलला जात होता, रस्ते खोदले जात होते आणि महापौर नसल्याची तक्रार घेऊन कोणी वॉर्ड ऑफिसात गेल्याचे ऐकिवात नाही. त्या काळातील वर्तमानपत्रे आपण चाळू नयेत. ‘माजी महापौर’ ही पाटी मात्र आजन्म लावता येते, तेव्हा पदग्रहणाच्या आठवड्यातच ती रंगवायला टाकावी.