स्टारी नाइट, एका कॉफीसकट

आपल्याला चित्र काढता येत नाही हे आधी डोक्यातून काढून टाका. आठवीत एलिमेंटरीला कशीबशी सी ग्रेड मिळाली होती, इंटरमिजिएटच्या फॉर्मला सर "राहू दे गं" म्हणाले होते, ते सगळं माफ. आता बाणेरच्या कॅफेत वरच्या मजल्यावर १५०० रुपये भरले की ॲप्रन मिळतो, कॅनव्हास मिळतो, कॉफी मिळते आणि दोन तासांत तुम्ही आर्टिस्ट.

सोबत मैत्रीण न्या, नवरा नेऊ नका. तो "मी नुसता बसतो" म्हणून येतो आणि तुमच्यापेक्षा बरं चित्र काढतो, मग ते वर्षभर ऐकावं लागतं.

शिकवणारी मुलगी तेवीस-चोवीसची असते, सगळ्यांना "गाइज" म्हणते, घाईत एकदाच तिच्या तोंडून "काकू" निघतं. ऐकू आलं नाही असं दाखवा.

चित्र बहुतेक स्टारी नाइटच असतं. व्हॅन गॉगने ते १८८९ मध्ये फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना काढलं, तेही तैलरंगात, जे नीट वाळायला महिने घेतात. तुमच्याकडे दोन तास, त्यातला अर्धा "आपापली ओळख करून द्या आणि आवडता रंग सांगा" यात जातो. (मी मोरपंखी म्हणाले, माझ्या आधीच्या तिघीही मोरपंखीच म्हणाल्या होत्या.)

आता मुद्द्याचं. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात कालवलेलं प्लास्टिकच म्हणा ना, पाणी उडून गेलं की विषय संपला. म्हणून ती मुलगी सांगेल की निळा थर आधी वाळू द्या, पाचदहा मिनिटंच लागतात, मग वर पिवळे तारे काढा. अजिबात वाळू देऊ नका. ओल्या निळ्यात पिवळा ब्रश गोल गोल फिरवा, बघता बघता आकाशाचं पालक पनीर होतं, मग ते झाकायला पांढरा घ्या, मग पांढरा संपतो, कारण सगळ्यांनी तेच केलेलं असतं, मग शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईकडे "थोडा व्हाइट आहे का हो?" असं वाटी घेऊन साखर मागायला गेल्यासारखं जायचं. यालाच सोशल स्टुडिओ म्हणतात. आणि कसाबसा जुळवलेला निळा वाळल्यावर अजून गडद होतो, तेव्हा नको होता तो रंग मिळाला म्हणून रडायचं नाही.

ब्रश एकदा तरी कॉफीत बुडवाच, मग तोच कप तोंडाला लावा. कुर्त्यावर रंग सांडला तर लगेच साबणाने धुतला की निघतो, पण उठू नका, नेमकी तेव्हाच रील चालू असते. वाळल्यावर तो डाग कुर्त्यापेक्षा जास्त टिकतो, पैसे वसूल.

डाव्या बाजूला ते उंच काळपट झाड आहे ना, ते सायप्रस. आपण ते कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे हात आपोआप सोसायटीच्या कंपाउंडला लावलेला उंच अशोक काढतो. त्या दिवशी बारा कॅनव्हासवर बारा अशोक होते, एकाला तर खाली आळंही केलेलं.

शेवटच्या वीस मिनिटांत चेहरा पाडून बसा. मग ती मुलगी येते, "मी फक्त दाखवते हं" म्हणत तुमच्या हातातून ब्रश घेते आणि चार फटकाऱ्यांत चंद्र काढून पुढच्या टेबलावर जाते. अख्ख्या चित्रात तेवढाच चंद्र चित्रासारखा दिसतो. सही बरोबर त्याच्या खाली करा, ठळक. फोटो काढताना ब्रश हातात धरा, कोरडा चालेल.

घरी आल्यावर हॉलमध्ये खिळा ठोकायला कुणी तयार होणार नाही, तेव्हा फ्रिजवर टेकवून ठेवा. सासूबाई चष्मा लावून जवळून बघतील आणि म्हणतील, "चंद्र छान आलाय गं. आणि हा अशोक ना?"

हो म्हणा.