संबळ कुठाय?

पुन्हा तेच! कंप्युटरवर गाणी बनवायला नवी सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच) घेतली, ‘इंडियन’ फोल्डर उघडलं: सतार, तबला, बासरी. संबळ नाही, हलगी नाही, दिमडी तर नाहीच. ढोलकी सापडली, पण तिचा घुमारा कोणी गिळला कोण जाणे. मिडीत (कीबोर्डवरून कंप्युटरला सूर-ठोके कळवण्याच्या पद्धतीत) वाजवण्याचा जोर 1 ते 127 असा मोजता येतो, आणि यांनी आवाज भरलेत दोनच. हळू आणि धाडकन!

घोडबंदर रोडवरच्या म्युझिक प्रॉडक्शनच्या क्लासमध्ये विचारलं, “सर, गोंधळाचं गाणं मिक्स कसं करायचं?” म्हणे, “आधी किकवरून बेसला साइडचेन लावायला शिक.” म्हणजे किक ड्रमचा ठोका पडला की बेसचा आवाज आपोआप दबायचा. अहो, किक आहेच कुठे त्यात!

शेवटी कळव्याच्या एका संबळवाल्या काकांना घरी बोलावलं, माइक लावला. काय वाजवलं काकांनी! आणि नेमका खालून रिक्षाचा हॉर्न.